ओठांवर शब्द नसले की...

ऑफिसच्या अंताक्षरीत शब्द विसरलात की काय करता? 'ला ला ला'! याच युक्तीवर एक अख्खी गायकी उभी राहिली: डू-वॉप. १९५०च्या आसपास अमेरिकेतल्या शहरांत नाक्यावरच्या कृष्णवर्णीय पोरांना वाद्यं परवडायची नाहीत, मग गळ्यानेच बेस धरायचा. ब्रॉन्क्सच्या 'द कॉर्ड्स'चं 'श-बूम' १९५४मध्ये गाजलं. पण नंबर वनला पोचलं ते गोऱ्या 'क्रू-कट्स'नी म्हटलेलं. (हा हिशेब मला अजून टोचतो.) त्या काळची सी, ए मायनर, एफ, जी ही कॉर्ड्सची साखळी पट्टी बदलून 'स्टँड बाय मी'त (१९६१) सापडते आणि जस्टिन बीबरच्या 'बेबी'तही (२०१०).

सदाशिव पेठेतल्या खोलीत मी हे लावलं की घरमालक काका विचारायचे, "अरे, याला अर्थ काय?" मी म्हणायचो, तराण्याला काय असतो, काका? पुण्यात तराणा गाजवला विनायकबुवा पटवर्धनांनी. त्यांच्याकडेच शिकले पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र. १९५७च्या 'आशा'त त्यांनी 'ईना मीना डीका' दिलं. ते डू-वॉप नव्हे, रॉक अँड रोल; पण बिनअर्थी बोलांची मस्ती तीच. काका हल्ली फक्त "आवाज कमी कर" एवढंच म्हणतात.