औषध एकच, गुण वेगळा

“डॉक्टरसाहेब, शेजारच्या खाटेवरच्या पोराला हीच सलाईन होती. त्याला गुण आला, आमच्याला का नाही?” गुडघ्याजवळ हाडाचा कॅन्सर झालेल्या मुलाचे वडील विचारत होते. ऑपरेशनपूर्वीच्या केमोथेरपीने गाठीतील ९० टक्के वा अधिक पेशी मेल्या, तर प्रतिसाद चांगला मानतात. इथे तेवढ्या मेल्या नव्हत्या. पथ्यात चूक झाली, असे ते धरून बसलेले. चूक कुणाचीच नाही. आईबापांकडून येणारी जनुके प्रत्येकाची निराळी. मेथोट्रेक्झेट एकाच्या शरीरातून लवकर निघून जाते, दुसऱ्याच्या रक्तात रेंगाळते, तोंड येते. म्हणून त्याचे रक्तातील प्रमाण मोजतात. गाठीच्या पेशींची जनुके आणखी वेगळी! मात्र जनुके तपासून या कॅन्सरचे औषध निवडण्याची सर्वमान्य पद्धत अजून नाही.

“मग उरलेले डोस?”

घ्यायचेच. तारीख न चुकवता.