अंगठा उमटण्याआधी

लेखमाला : आधाराचा हक्क – लेखांक ६

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याखाली पोटगीचा अर्ज कसा चालतो, ते मागच्या लेखांकात पाहिलं. उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे सुनावणी, नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकालाची अपेक्षा, दरमहा १० हजारांपर्यंत पोटगी, असा तो सगळा क्रम. पण हे अर्ज दाखल झाल्यानंतरचं आहे. परभणी जिल्ह्यातल्या पालम किंवा सोनपेठ तालुक्यातली सत्तरी ओलांडलेली, एकटी, निरक्षर बाई त्या अर्जापर्यंत पोचते कशी, हा त्याच्या आधीचा प्रश्न. माझं म्हणणं असं की ती पोचत नाही, आणि त्याचं मुख्य कारण तिचा अडाणीपणा किंवा भिडस्तपणा हे नाही. तलाठी, आशाताई, बँकेचा गावातला माणूस, दस्तलेखक, पोलीस पाटील, सरकारी दवाखान्यातली परिचारिका ही सगळी माणसं तिला वर्षभरात कधी ना कधी भेटतात. तिचं काय चाललंय हे ओळखायचं कसं आणि ओळखल्यावर करायचं काय, हे त्यांना शिकवण्याची व्यवस्थाच आपण लावलेली नाही.

आधी प्रश्नाचा आवाका पाहू. ज्येष्ठांविषयी देशभर झालेल्या 'लासी' या पाहणीच्या २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत साठीपुढच्या सुमारे ५ टक्के लोकांनी गेल्या वर्षभरात वाईट वागणूक मिळाल्याचं सांगितलं. अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेऊन जागतिक आरोग्य संघटना मात्र सहापैकी एक असं प्रमाण देते, आणि चोवीसपैकी एखादंच प्रकरण बाहेर येतं असंही सांगते. या दोन आकड्यांतला फरक पाहून आपल्याकडे म्हातारी माणसं सुखात आहेत, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो मला पटत नाही. ज्या घरात राहायचंय, ज्या सुनेच्या हातची भाकरी खायची आहे, त्या घरी आलेल्या परक्या माणसाला 'मुलगा मारतो' असं कोण सांगेल? म्हणजे तक्रारीची वाट पाहत बसणारी यंत्रणा बहुतेक प्रकरणांत वाटच पाहत राहणार. ज्याच्यासमोर गोष्ट घडते त्यानं ती ओळखायला हवी.

आणि परभणीसारख्या जिल्ह्यात ती घडते कुठे? मारहाण चार भिंतींआड होते, पण लुबाडणूक बहुतेक वेळा कागदावर आणि यंत्रावर होते, चारचौघांच्या देखत. गावातल्या बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रावरचा नेहमीचा प्रसंग घ्या. आजी निराधाराचा पगार काढायला आलेली असते; महिन्याचे १५०० रुपये. जन्मभर खुरपून आणि कापूस वेचून बोटांच्या रेषा झिजलेल्या, त्यामुळे यंत्र अंगठा घेत नाही. केंद्रचालक बोट पुसायला लावतो, पुन्हा टेकवायला लावतो. पैसे किती निघाले, एकदा निघाले की दोनदा, पडद्यावरचं तिला वाचता येत नाही. सोबतचा पुतण्या नोटा मोजतो आणि स्वतःच्या खिशात ठेवतो. तो तिला लुबाडतोय की तिच्याच सांगण्यावरून औषधं आणणार आहे, हे बाहेरून कळत नाही. कळण्यासाठी केंद्रचालकानं रक्कम मोठ्यानं आजीला सांगायला हवी, पावती तिच्या हातात द्यायला हवी आणि पुतण्याला जरा बाहेर थांबवून विचारायला हवं, 'आजी, पैसे कुणाजवळ देऊ?' यंत्र चालवण्याचं प्रशिक्षण त्याला मिळतं. हा प्रश्न विचारणं हा त्याच्या कामाचा भाग आहे, हे मात्र त्याला कुणीतरी सांगावं लागेल.

जमिनीचं तर याहून गंभीर. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला, नातवाला बक्षीसपत्रानं द्यायची तर मुद्रांक शुल्क नाममात्र २०० रुपये आहे. सवलत चांगल्या हेतूनं दिलेली आहे, पण त्यामुळे म्हाताऱ्याच्या नावचा सातबारा एका दिवसात रिकामा होऊ शकतो. २००७ च्या कायद्याच्या कलम २३ मध्ये त्यावर उपाय आहे: सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण न्यायाधिकरण रद्द ठरवू शकतं. मात्र अशी अट होती हे दाखवता आलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं सुदेश छिकारा प्रकरणात डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं. जानेवारी २०२५ च्या ऊर्मिला दीक्षित प्रकरणात न्यायालयानं कायद्याचा उदार अर्थ लावून आईला मालमत्तेचा ताबा परत मिळवून दिला. पण तिथेही बक्षीसपत्रासोबत मुलानं सांभाळाचं वचनपत्र लिहून दिल्याचा आधार होता. थोडक्यात, 'देणाऱ्याचा आमरण सांभाळ करण्याच्या अटीवर' हे एक वाक्य दस्तात असणं-नसणं यावर एखाद्या माणसाचं उरलेलं आयुष्य ठरतं. आणि ते वाक्य लिहायचं की नाही, हे तहसीलच्या आवारात टेबल मांडून बसलेल्या दस्तलेखकाच्या हातात असतं. त्याला कलम २३ शिकवायला एक दुपार पुरेशी आहे. पुढच्या वर्षानुवर्षांच्या खटल्यापेक्षा ती दुपार किती स्वस्त पडेल याचा हिशेब कुणी तरी मांडावा असं मला फार वाटतं.

हे सारं प्रशिक्षण नव्यानं मागावं लागत नाही, हा माझ्या युक्तिवादातला महत्त्वाचा भाग. २००७ च्या कायद्याचं कलम २१ राज्य सरकारला बजावतं की पोलीस आणि न्यायिक सेवेतल्या व्यक्तींसह सर्व अधिकाऱ्यांना या विषयाचं ठरावीक काळानं प्रशिक्षण द्या. ज्येष्ठ व्यक्ती दिव्यांगही असेल तर तिला लागू होणाऱ्या दिव्यांग हक्क कायदा, २०१६ चं कलम ४७ पंचायत सदस्य, प्रशासक, पोलीस, न्यायाधीश आणि वकील यांच्या प्रशिक्षणात दिव्यांगांचे हक्क शिकवणं बंधनकारक करतं. त्याच कायद्याच्या कलम ७ नुसार दिव्यांग व्यक्तीवरच्या अत्याचाराची किंवा तिच्या शोषणाची माहिती कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला देऊ शकतो, आणि पोलिसाकडे तक्रार आली तर मोफत विधी साहाय्याचा हक्क आणि जवळच्या पुनर्वसन संस्थेची माहिती त्यानं स्वतःहून सांगायची असते. राज्याच्या २०१० च्या नियमांनुसार प्रत्येक पोलीस ठाण्यानं आपल्या हद्दीतल्या ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची यादी ठेवायची आहे आणि महिन्यातून एकदा तरी त्यांच्या घरी जायचं आहे. प्रत्येक ठाण्यात ज्येष्ठांसाठी एक अधिकारी नेमावा आणि 'अत्याचार' या शब्दाची व्याख्या कायद्यात यावी, असं सुधारणा विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं होतं. ते मंजूर न होताच बारगळलं. पण आहे तेवढ्या कायद्यातही प्रशिक्षणाचा हुकूम पुरेसा स्पष्ट आहे.

'प्रशिक्षण' म्हटलं की अनुभवी माणसं मान हलवतात, आणि त्यांचं चुकत नाही. ज्येष्ठांच्या छळाविरुद्धच्या जागृती दिनी, १५ जूनला, सभागृहात व्याख्यान, चहा-नाश्ता, हजेरीपत्रकावर सह्या आणि वर्तमानपत्रात फोटो, एवढ्यानं कुणाची वागणूक बदलत नाही. पण यावरून प्रशिक्षणच निरुपयोगी ठरत नाही. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली महापालिका आणि 'सेहत' या संस्थेनं 'दिलासा' केंद्र सुरू केलं. हिंसा सोसणाऱ्या बाईला तपासताना ओळखायचं कसं, हे डॉक्टर-परिचारिकांना शिकवलं गेलं. पण त्याच इमारतीत समुपदेशकही बसवले गेले, म्हणजे ओळखल्यावर पाठवायचं कुठे हा प्रश्न उरला नाही. नंतर मुंबईतल्या इतर रुग्णालयांनीही हा नमुना उचलला. पुढे औरंगाबाद आणि मिरज भागातल्या सरकारी रुग्णालयांत जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्यानं असंच प्रशिक्षण झालं, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासल्यावरही कर्मचाऱ्यांचं ज्ञान, दृष्टिकोन आणि प्रत्यक्ष काम सुधारलेलं आढळलं. हे मराठवाड्यातल्याही गर्दीच्या सरकारी दवाखान्यात घडलं, म्हणून मला ते मोलाचं वाटतं. शिकवणं, पुढे पाठवायला जागा असणं आणि काही महिन्यांनी पुन्हा विचारणं या तीन गोष्टी एकत्र आल्या तरच प्रशिक्षणाचा उपयोग होतो.

आता आशाताईंचा प्रश्न. 'त्यांच्या डोक्यावर आधीच कामाचा डोंगर, त्यात हे कशाला' हा आक्षेप खरा आहे आणि त्याचं उत्तर मानधन वाढवणं हेच आहे, ते टाळून चालणार नाही. पण त्या घरोघरी जो आरोग्य तपासणीचा तक्ता भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आधीपासून आहेत: चालताना तोल जातो का, रोजच्या कामांना दुसऱ्याची मदत लागते का, जवळच्यांची नावं विसरता का. 'घरात कुणाची भीती वाटते का' किंवा 'पोटभर जेवायला मिळतं का' हे मात्र त्यात नाही. कॅनडात मॉन्ट्रियलच्या डॉक्टरांनी २००८ मध्ये ज्येष्ठांच्या छळाचा संशय तपासणारी सहा प्रश्नांची एक चाचणी मांडली. पाच प्रश्न रुग्णाला विचारायचे, सहावा डॉक्टरनं स्वतःच्या निरीक्षणातून भरायचा, वेळ दोन मिनिटं. स्मृतिभ्रंश झालेल्यांना ती लागू पडत नाही, आणि आपल्याकडे ती मराठीत, इथल्या घरांच्या रीतीनं पारखून घ्यावी लागेल. परभणीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ते काम तिथे होऊ शकतं.

सगळ्यात जड आक्षेप गरिबीचा आहे. गंगाखेड, पालम, जिंतूरच्या तांड्यावाड्यांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोचा कोयता गेला नाही तर ती फिटणार नाही. मागे म्हातारी आणि शाळेतली नातवंडं राहतात. अशा वेळी आजी उपाशी राहिली तर तो छळ म्हणायचा का? नाही, आणि ज्याला शिकवलेलं नाही तो कर्मचारी नेमकी इथेच चूक करतो. एक तर तो 'घरोघरी हेच' म्हणून काणाडोळा करतो, नाहीतर मुलाला गुन्हेगार ठरवतो. २००७ च्या कायद्याच्या कलम २४ खाली ज्येष्ठाला टाकून देणं हा तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेचा, दखलपात्र गुन्हा आहे. जो मुलगा कारखान्यावरून उसने पैसे पाठवतो त्याच्यावर ते कलम लावणं अन्याय आहे. तिथे रेशन, औषध आणि शेजारच्याची जबाबदारी ठरवायला हवी. जो मुलगा गावातच राहून आईचा पगार उचलतो आणि तिला गोठ्यात झोपवतो, त्याला मात्र 'घरचा मामला' म्हणून सोडता येणार नाही. हा फरक करायला शिकणं म्हणजेच प्रशिक्षण.

यावर म्हणतील, आजीलाच तक्रार नको असते, मग आपण कोण? तिची इच्छा मानलीच पाहिजे. पण ती इच्छा तिला एकटीला विचारून कळली पाहिजे, मुलाच्या देखत नव्हे. शिवाय 'नाही' म्हणणाऱ्या माणसालाही १४५६७ हा ज्येष्ठांचा मदत क्रमांक सांगता येतो, पुढच्या महिन्यात पुन्हा चौकशी करता येते, पैशाचा अंगठा तिच्या समजुतीनं घेता येतो. अनेकींना मुलाला शिक्षा नको असते, फक्त भाकरी आणि औषध वेळेवर हवं असतं. लातूर जिल्हा परिषदेनं २०२० मध्ये आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के रक्कम कापून थेट त्या आई-वडिलांना देण्याचा ठराव केला, तो याच जाणिवेतून. तो उपाय पगारदारांपुरताच आहे. ज्या घरात पगार नाही तिथे गावपातळीवरच्या माणसांनाच मार्ग काढावा लागतो.

म्हणून परभणीत सुरुवात करायची तर ती जिल्ह्याच्या ठिकाणी सभागृहात करू नये. एका महसूल मंडळातले तलाठी, आशाताई, केंद्रचालक, पोलीस पाटील, बीटचा हवालदार आणि एखादा दस्तलेखक यांना एकत्र बसवावं, म्हणजे कुणी कुणाला फोन करायचा हे तिथल्या तिथे ठरेल. न्यायाधिकरणाचे अधिकारी म्हणून उपविभागीय अधिकाऱ्यांनी स्वतः तिथे यावं आणि पाठवलेल्या प्रकरणाचं पुढे काय झालं हे पाठवणाऱ्याला कळवण्याची रीत घालावी. तसं झालं नाही तर दुसऱ्यांदा कुणी पाठवणार नाही. पहिली फेरी पोळ्याच्या सुमारास उरकली पाहिजे. दसऱ्यानंतर टोळ्या निघतात, आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांची यादी तोवर ठाण्यात आणि आशाताईंच्या वहीत तयार असायला हवी.