गावची नदी न विसरलेला कवी

शहरात शिकायला गेलेला मुलगा इंग्रजी बोलू लागला की आपल्याला कौतुक वाटते. पण तोच सुटीत घरी येऊन आपल्या बोलीला नाक मुरडू लागला, तर मनाला लागते. बंगालमधल्या अशाच एका मुलाची ही हकिकत. त्याचे नाव मायकेल मधुसूदन दत्त.

२५ जानेवारी १८२४ रोजी जेसोर जिल्ह्यातल्या सागरदाडी गावी, कपोताक्ष नदीच्या काठी त्यांचा जन्म झाला. हे गाव आज बांगलादेशात आहे. वडील राजनारायण कलकत्त्यात वकिली करीत. आई जाह्नवीदेवींमुळे लहानपणीच रामायण-महाभारताची गोडी लागली.

पुढे कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजात इंग्रजी काव्याने त्यांना वेड लावले. विलायतेला जायचे आणि इंग्रजीतच मोठे कवी व्हायचे, हाच ध्यास! १८४३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला आणि घर तुटले. मद्रासला जाऊन त्यांनी शिक्षकी केली. १८४९ साली इंग्रजी काव्य छापले, पण हवी तशी दाद मिळाली नाही. बेथून नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानेच सल्ला दिला, की ही बुद्धी मातृभाषेसाठी खर्च करावी.

१८५६ साली ते कलकत्त्याला परतले आणि बंगालीत लिहू लागले. जात्यावरच्या ओवीला यमक असते, तसे बंगाली काव्यातही दर दोन ओळींना यमक जुळवीत. यमकाशिवाय बंगाली काव्य उभे राहील, असे मधुसूदनांनी ठामपणे सांगितले आणि ते करून दाखवले. १८६१ साली त्यांचे ‘मेघनादवध’ हे नऊ सर्गांचे महाकाव्य आले. त्यात रावणाचा पुत्र इंद्रजित नायक आहे, आणि मुलासाठी रडणारा रावण बाप म्हणून दिसतो. आईमुळे कळलेली कथाच अखेर कामी आली!

१८६२ साली ते बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेला गेले. घरून येणारे पैसे थांबले. फ्रान्समध्ये व्हर्सायला बायको-मुलांसह उपासमारीची पाळी आली. १८६४ साली त्यांनी ईश्वरचंद्र विद्यासागरांना पत्र लिहिले. विद्यासागरांनी पैसे पाठवून त्यांना सावरले. त्याच हलाखीत त्यांनी बंगालीत चौदा ओळींच्या कविता लिहिल्या. त्यांतली एक आहे गावच्या कपोताक्ष नदीवर.

बॅरिस्टर होऊन ते १८६७ साली परतले, पण हात सैल तो सैलच राहिला. कर्ज काही फिटले नाही. २९ जून १८७३ रोजी कलकत्त्याच्या इस्पितळात त्यांनी देह ठेवला. तीनच दिवस आधी पत्नी हेन्रिएटा गेली होती.

मुलांना इंग्रजी जरूर शिकवा. पण रात्री अंथरुणावर आजीची गोष्टही ऐकू द्या. कोणती शिदोरी पुढे कुठे उपयोगी पडेल, हे कोणी सांगावे?