मध्यरेखा उज्जैनची, गुराबा विजयदुर्गच्या

उज्जैनच्या देवास गेटपासून सर्वांत जवळचा समुद्र म्हणजे खंबायतचे आखात, आणि तेही सरळ रेषेत मोजले तरी ३०० किलोमीटरहून अधिक दूर आहे. शिडाच्या जहाजांच्या युगात जी तारवे खडकांवर आपटून किंवा बंदरात जळून नाहीशी झाली, त्यांच्या इतिहासाशी या भूवेष्टित नगरीचा संबंध असावा, हे म्हणूनच सहजासहजी कोणाच्या मनात येत नाही. परंतु देवास गेटजवळच्या रेल्वेस्थानकापासून शहर ओलांडून शिप्रेच्या काठावरील जयसिंगपुऱ्याकडे गेले की जी वेधशाळा लागते, तिच्या चुनेगच्ची यंत्रांनी ज्या प्रश्नाचा पाठपुरावा केला, त्याच प्रश्नाचे उत्तर हाती नसल्यामुळे अठराव्या शतकात शेकडो माणसांसह जहाजे बुडाली. तो प्रश्न रेखांशाचा, म्हणजे एखादे ठिकाण ठरलेल्या दक्षिणोत्तर रेषेच्या किती पूर्वेला किंवा पश्चिमेला आहे हे ठरवण्याचा होता.

भारतीय ज्योतिषात ही ठरलेली रेषा उज्जैनवरून जाते. लंकेपासून मेरूपर्यंत कल्पिलेल्या या मध्यरेखेवर सूर्यसिद्धान्ताने अवंती, रोहीतक आणि कुरुक्षेत्राचे सरोवर ही स्थाने सांगितली असून, मध्यरेखेवरील ग्रहगणित दुसऱ्या गावी लागू करताना जो संस्कार, म्हणजे जी दुरुस्ती, करावी लागते तिला देशांतर म्हणतात. देशांतर काढण्याची रीतही त्याच ग्रंथात आहे. चंद्रग्रहण सर्वांना एकाच क्षणी दिसत असल्याने, मध्यरेखेसाठी गणिताने आलेली ग्रहणाची घटका आणि आपल्या गावी प्रत्यक्ष पाहिलेली घटका यांतील फरक घ्यावा. पृथ्वी ६० घटकांत ३६० अंश फिरते, तेव्हा एका घटकेचा फरक म्हणजे ६ अंशांचे अंतर. तत्त्व निर्दोष आहे, आणि ते हजार वर्षांहून अधिक काळ पंचांगकर्त्यांच्या नित्य वापरात होते. अडचण एवढीच की ग्रहण वर्षातून एखाददुसरे दिसते, आणि घटिकापात्राला स्थिर जमीन लागते.

जहाजाला यांपैकी काहीच उपलब्ध नव्हते. ध्रुवाची किंवा मध्यान्हीच्या सूर्याची उंची मोजून अक्षांश काढणे दर्यावर्दींना फार पूर्वीपासून साधले होते; अरब आणि गुजराती नाखवे गाठी मारलेल्या दोरीला जोडलेल्या कमाल नावाच्या छोट्या फळीवर हे काम भागवत असत. रेखांश मात्र अंदाजाने धरावा लागे. गाठी मारलेला दोर पाण्यात सोडून वेग पाहायचा, वाळूच्या घड्याळाने वेळ मोजायची, होकायंत्राने दिशा घ्यायची आणि या तिन्हींच्या हिशेबाने नकाशावर खूण करायची, असा हा प्रकार असे. पाण्याखालचा प्रवाह त्या हिशेबात येत नसे आणि रोजची चूक दुसऱ्या दिवसाच्या चुकीत मिळत जाई. २२ ऑक्टोबर १७०७ रोजी इंग्रजी नौदलाची चार जहाजे सिली बेटांच्या खडकांवर आदळून हजाराहून अधिक माणसे बुडाली. पुढे १७१४ मध्ये ब्रिटिश संसदेने समुद्रावर रेखांश काढण्याची व्यवहार्य रीत देणाऱ्यास मोठे बक्षीस लावले, त्यामागे या आपत्तीची आठवण ताजी होती.

जयपूरचा राजा सवाई जयसिंग याने उज्जैनची वेधशाळा उभारली ती १७२५ च्या सुमारास, म्हणजे युरोपात रेखांशाचा हा शोध ऐन भरात असतानाच. सम्राट यंत्र, नाडीवलय, दिगंश आणि दक्षिणोत्तर भित्ती ही येथील यंत्रे सूर्य, ग्रह आणि तारे यांची स्थाने नव्याने निश्चित करण्यासाठी होती, कारण जुन्या सारण्यांवरून आलेले गणित आकाशाशी जुळेनासे झाले होते. जयसिंगाने जेझुइट पाद्र्यांच्या मदतीने पोर्तुगालला माणसे पाठवून फ्रेंच ज्योतिषी ला हीर याच्या सारण्या मिळवल्या, आणि त्या आपल्या वेधांशी ताडून पाहिल्यावर त्यांत चंद्राच्या स्थानात सुमारे अर्ध्या अंशाची चूक असल्याचे नोंदवले. या नोंदीचे मोल ग्रहगणितापुरते नाही. चंद्र ताऱ्यांमधून ताशी साधारण अर्धा अंश सरकतो. त्याचे ताऱ्यांपासूनचे अंतर मोजून मूळ स्थानाची वेळ आणि तीवरून रेखांश काढण्याची चांद्र अंतराची रीत युरोपातील ज्योतिषी तेव्हा शोधत होते. चंद्राच्या सारणीत अर्धा अंश चुकला तर वेळेत जवळजवळ तास चुकतो आणि रेखांशात सुमारे १४ अंशांची गफलत होते. ज्या उणिवेमुळे ही रीत जहाजावर निरुपयोगी ठरत होती, नेमक्या तिच्यावरच जयपूरच्या राजाने बोट ठेवले होते. पण त्याचा हेतू पंचांगाचा होता, आणि त्याच्या ज्योतिष्यांना कोणी नाखवा कधी प्रश्न विचारायला आला नाही. भारतीय विद्येच्या इतिहासातील मोठ्या हानींपैकी ही एक मानली पाहिजे.

रेखांशाच्या त्या प्रश्नाची किंमत पुढच्या पिढीत एका जहाजाने मोजली, आणि त्या जहाजाचा मराठ्यांच्या इतिहासाशी थेट संबंध आहे. एप्रिल १७५५ मध्ये इंग्लंडहून निघालेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या ताफ्यात डॉडिंग्टन नावाचे जहाज होते. दख्खनमध्ये फ्रेंचांविरुद्ध पेशव्यांच्या मदतीने मोहीम काढण्याच्या बेताने रॉबर्ट क्लाइव्ह सैन्यासह मुंबईला निघाला होता. तो स्वतः दुसऱ्या जहाजावर होता, पण त्याचे सोने आणि तोफखान्याची तुकडी डॉडिंग्टनवर होती. आफ्रिकेचे दक्षिण टोक मागे टाकल्यावर कप्तानाने अंदाजाने धरलेले पूर्वेकडचे अंतर प्रत्यक्षापेक्षा बरेच जास्त होते. किनारा दूर राहिला अशा समजुतीने त्याने तारू ईशान्येकडे वळवले आणि १७ जुलैच्या मध्यरात्रीनंतर ते अल्गोआच्या उपसागरातील बर्ड बेटाच्या खडकांवर फुटले. २७० जणांपैकी २३ वाचले. समुद्रपक्ष्यांची अंडी, मासे आणि वाहून आलेली शिदोरी यांवर त्यांनी त्या ओसाड बेटावर सात महिने काढले, आणि जहाजाच्या फळ्यांतून एक छोटे गलबत बांधून फेब्रुवारी १७५६ मध्ये ते तेथून निघाले.

त्याच फेब्रुवारीत कोकणात त्याहून मोठा विध्वंस झाला. क्लाइव्ह मुंबईला पोहोचला तोवर फ्रेंचांशी तहाची बोलणी झालेली असल्यामुळे दख्खनची मोहीम मागे पडली, आणि हाताशी आलेले सैन्य व ॲडमिरल वॉटसनचे आरमार यांचा उपयोग तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध करण्याचे ठरले. मराठी आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या मृत्यूनंतर, १७२९ पासून, त्यांच्या घराण्यात फूट पडत गेली होती. मानाजी कुलाब्यास पेशव्यांच्या आश्रयाने राहिले, तर विजयदुर्गावरील तुळाजी पेशव्यांना जुमानीत नसत. नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी करार केला, एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला, आणि पुढच्या वर्षी पाळी विजयदुर्गाची आली.

मराठी आरमाराचे तंत्र उघड्या महासागरासाठी घडलेले नव्हते, आणि त्यात उणेपणा मानण्याचे कारण नाही. गुराब हे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, फार तर ३०० टनांचे, कमी पाण्यात चालणारे जहाज. तिच्या निमुळत्या नाळेवरून पुढच्या दिशेने तोफा डागता येत. गलबत त्याहून लहान, साधारण ७० टनांपर्यंतचे, शिडांबरोबर वल्ह्यांवरही चालणारे असल्याने वारा पडला की तेच गुराबेला ओढून नेई. डोंगरांच्या खुणा, खाड्यांची मुखे, भरतीओहोटीच्या वेळा आणि मतलई वाऱ्याची चाल, म्हणजे रात्री व पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्याची लय, यांच्या जाणकारीवर तांडेल गलबत हाकत. किनारा डोळ्यांआड होऊच द्यायचा नसल्यामुळे रेखांशाची गरज त्यांना पडत नव्हती. पावसाळ्यात दर्या बंद होई आणि गलबते खाडीत किंवा किनाऱ्यावर ओढून नारळी पौर्णिमेपर्यंत शाकारून ठेवली जात.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर जे प्रकरण आहे, त्याचा सारा कटाक्ष जहाज आणि माणूस वाचवण्यावर आहे. वारा प्रतिकूल असेल तर शत्रूशी गाठ न घालता गलबते आपल्या जंजिऱ्याच्या आसऱ्याला आणावीत, पावसाळ्याची छावणी उघड्या दर्यात न करता किल्ल्याच्या आश्रयाने करावी, आरमार राखून मग गनीम घ्यावा, असा त्याचा रोख आहे. कित्येक दशकांच्या अनुभवातून आलेली ही शिस्त होती, आणि तिच्यामुळेच वादळात सबंध आरमार गमावण्याची वेळ मराठ्यांवर आली नाही. वाघोटणच्या खाडीच्या मुखावरील विजयदुर्ग हा तर या शिस्तीचा आदर्शच होता: तिन्ही बाजूंनी पाणी, वरून तोफांचे संरक्षण, आणि आत खाडीत गिर्ये येथे जहाजे बांधण्याची व दुरुस्तीची गोदी.

वॉटसनची मोठी जहाजे खाडीत शिरली तेव्हा तुळाजींचे आरमार याच शिस्तीप्रमाणे किल्ल्याच्या आसऱ्याला आलेले होते. गुराबा एकमेकींना जखडून किनाऱ्यालगत उभ्या होत्या. त्यांच्यात रिस्टोरेशन नावाचे जहाजही होते; ते मूळचे कंपनीचे, आणि काही वर्षांपूर्वी आंग्र्यांनी लढून घेतलेले. १२ फेब्रुवारीच्या तोफमाऱ्यात एक पेटता गोळा या रिस्टोरेशनवर पडला, त्याने पेट घेतला आणि आग गुराबेमागून गुराबेला लागत गेली. राळ, काथ्या, तेल पाजलेले लाकूड आणि कोरडी शिडे असा सारा ऐवज असल्यावर वेगळे काही होणे शक्य नव्हते. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. तुळाजी स्वतः पेशव्यांच्या छावणीत बोलणी करायला गेले होते. त्यांचे उरलेले आयुष्य कैदेत गेले. इंग्रजांनी किल्ल्यातील सुमारे १० लाख रुपयांची लूट पेशव्यांच्या फौजेला हात लावू न देता आपसांत वाटून घेतली आणि किल्लाही त्याच वर्षी बाणकोट मिळाल्यावरच सोडला.

या आगीचा दोष केवळ घरभेदीपणाला देऊन थांबणे पुरेसे नाही, जरी पेशव्यांनी स्वतःच्याच राज्याचे आरमार परक्याच्या तोफांखाली घातले ही चूक कितीही वेळा सांगितली तरी कमीच आहे. आसऱ्याची शिस्त समुद्रापासून आणि समुद्रावर टिकून न राहणाऱ्या शत्रूपासून वाचण्यासाठी होती. चाळीस-पन्नास, किंवा त्याहून अधिक, तोफांची जहाजे महासागर ओलांडून येऊन थेट तटाखाली नांगर टाकतील आणि तासन् तास मारा करतील, हे त्या शिस्तीच्या हिशेबात नव्हते. वादळात जी एकजूट गुराबांना तारत होती, तिच्यामुळेच त्या एकत्र जळाल्या. डॉडिंग्टनच्या कप्तानाला आपण कोठे आहोत हे ठाऊक नव्हते म्हणून जहाज गेले. विजयदुर्गच्या तांडेलांना आपली खाडी तोंडपाठ होती, तरीही जहाजे गेली. पण पहिल्या अपघाताची कारणे तपासली गेली, नकाशे सुधारले गेले, आणि दुसऱ्याची तशी तपासणी पुण्यात कोणी केल्याचे दिसत नाही. आनंदराव धुळपांनी विजयदुर्गावरून पुढे पेशव्यांचे आरमार सांभाळले आणि ८ एप्रिल १७८३ रोजी रत्नागिरीजवळ कंपनीचे रेंजर हे जहाज लढून घेतले, तो पराक्रम खराच. पण ते लढले किनाऱ्यावरच, जुन्याच तंत्राने.

युरोपात रेखांशाचा प्रश्न तोवर दोन वाटांनी सुटला होता. जॉन हॅरिसनचे समुद्री घड्याळ १७५९ मध्ये पुरे झाले, आणि टोबियास मायरच्या सुधारलेल्या चंद्रसारण्यांवर आधारलेले १७६७ सालचे नाविक पंचांग ग्रिनिचहून निघाले. तरी नकाशातल्या चुका उरल्याच. १७९६ मध्ये ॲटलस हे जहाज चुकीच्या नकाशामुळे दिएगो गार्सियाच्या प्रवाळांवर फुटले; त्यावरचा अधिकारी जेम्स हॉर्सबर्ग याने त्यानंतर हिंदी महासागराचे मार्ग तपासण्यात आयुष्य घातले आणि १८१० मध्ये तो कंपनीचा जलमापक झाला.

मराठी माणसाचा या विद्येत प्रवेश झाला तो मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतून. १८२६ मध्ये पुरी झालेली ही वेधशाळा कंपनीने उभारली तीच मुळी जहाजांना अचूक वेळ आणि ज्योतिषाचा आधार मिळावा म्हणून. आंग्र्यांच्या अलिबागजवळच्या नागाव येथे जन्मलेले केरो लक्ष्मण छत्रे १८४० च्या दशकात याच वेधशाळेत कामाला होते; आकाशाचे वेध आणि होकायंत्राला चकवणाऱ्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची मापे यांची ओळख त्यांना तेथे झाली, आणि नाविक पंचांगाच्या आधाराने मराठी पंचांग शुद्ध करण्याचा उद्योग त्यांनी पुढे आरंभला. सुवर्णदुर्गाच्या शेजारच्या मुरूड गावी १८५३ मध्ये जन्मलेल्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या १८९६ च्या ग्रंथात सिद्धान्तग्रंथांपासून छत्र्यांपर्यंतची परंपरा एकत्र मांडली. उज्जैनची पडझड झालेली वेधशाळा ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांनी १९२३ मध्ये दुरुस्त करवून घेतली, आणि तेथून आजही दरवर्षी ग्रहस्थितीचे पंचांग प्रसिद्ध होते.