गाणं भारी आहे, पण ते करतंय काय?

मार्च 2025 मध्ये बीकेसीत 'द फॅण्टम ऑफ द ऑपेरा' आलं तेव्हा आमच्या ऑफिसात कॅण्टीनपासून लिफ्टपर्यंत एकच विषय होता. तिकीट मिळालं का? कितीला पडलं? ते झुंबर खरंच खाली येतं का? त्याआधी 2023 मध्ये तिथेच 'द साऊंड ऑफ म्युझिक' आणि 'वेस्ट साइड स्टोरी' होऊन गेलेली, त्यामुळे 'म्युझिकल' हा शब्द आता आपल्या वीकेण्डच्या डिक्शनरीत पक्का बसलाय. लिफ्टमध्ये मी सहज म्हटलं, आपल्याकडे हा प्रकार 1880 पासून आहे. शेजारचा पोरगा म्हणाला, "म्हणजे ते आजोबा लोकांचं नाट्यसंगीत? पाच मिनिटं नुसतं 'आ' करतात ते?"

त्याला दोष कसा देणार? त्याने नाट्यसंगीत ऐकलंय ते दिवाळी पहाटला, उटणं लावून, पेंगत. समोर गायक, हार्मोनियम, तबला. नाटक कुठेच नाही! पद कोण कोणाला म्हणतंय, का म्हणतंय, ते म्हटल्यानंतर काय बिघडलं, काहीच कळत नाही. नाटकाशिवाय नाट्यगीत ऐकणं म्हणजे भांडण न बघता नुसता आवाज ऐकणं.

मी संगीत नाटकाची वेडी आहे, हे आधीच सांगून टाकते. राहते माहुलला. माहुलहून नाटकाला जायचं तर दादर, मुलुंड, पार्ले, बोरिवली यातलं काहीही गाठायला तासभर आधी निघावं लागतं आणि परतीला रिक्षावाल्याला 'माहुल' म्हटलं की तो दुसरीकडे बघतो. तरीही जाते. एवढा खटाटोप केल्यावर माणसाची मतं तीव्र होणारच ना? तर माझा फंडा एकच आहे. गाणं संपल्यावर पात्र जिथे होतं तिथेच उभं असेल, तर ते गाणं कापा. कितीही गोड असलं तरी.

या एका कसोटीवर आपला जुना माल लावून बघा, मज्जा येते.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात 'शाकुंतल'चे पहिले अंक रंगभूमीवर आणले. त्यात पदं दोनशेच्या घरात होती म्हणे. ऐकूनच धाप लागते, पण ती आजच्यासारखी लांबलचक नव्हतीच. साकी, दिंडी, लावणी, कीर्तनातल्या चाली, दक्षिणेकडून आलेल्या चाली, जे लोकांच्या कानात आधीच होतं ते उचललं आणि त्यावर संवाद चढवला. जुन्या नाटकांची पुस्तकं मिळाली तर जरूर चाळा. पदाच्या डोक्यावर चक्क 'चाल' म्हणून दुसऱ्याच एखाद्या गाण्याचं नाव छापलेलं असतं. कॉपीराइटवाल्यांनी आज दारात पोलीस उभे केले असते! पण त्यामागचं डोकं बघा. चाल ओळखीची असली की प्रेक्षकाचं लक्ष शब्दांकडे जातं. 1882 च्या 'सौभद्र'मध्ये तर माणसं गाण्यातून भांडतात, टोमणे मारतात, लपवाछपवी करतात. मोठा भाऊ बहिणीचं लग्न भलत्याशी ठरवतोय, प्रियकर संन्याशाच्या वेषात घरात शिरलाय, धाकटा भाऊ सगळं माहीत असून गालात हसतोय. ही रॉम-कॉम आहे, बॉस.

गोविंद बल्लाळ देवलांची 'शारदा' (1899) मात्र माझी सगळ्यात लाडकी. म्हाताऱ्याशी लग्न लावून द्यायला निघालेली लहान मुलगी, असा विषय. देवलांची कमाल ही, की मुली मुलींसारख्या गातात. शब्द घरातले, ओटीवरचे. कुठे संस्कृतचा भरजरी शालू नाही. गीतलेखन शिकायचं असेल त्याने तिथून सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. (जाता जाता: 1929 चा 'शारदा कायदा' या नाटकावरून पडलेला नाही. तो हरविलास सारडा यांच्या नावावरून. पैज लावायला चांगला प्रश्न आहे.)

मग आलं 1911. खाडिलकरांचं 'मानापमान', संगीत गोविंदराव टेंबे. आणि 1916 चं 'स्वयंवर', संगीत भास्करबुवा बखले. ठुमऱ्या आल्या, ख्यालातल्या बंदिशी आल्या, बालगंधर्वांचा गळा आला आणि लोक वेडे झाले. 8 जुलै 1921 ला टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मिळून 'संयुक्त मानापमान' केलं, त्याच्या गोष्टी घराघरात अजून सांगतात. माझी आत्या तर अशी सांगते की जणू ती पहिल्या रांगेत होती. आता शिव्या खायची तयारी ठेवून लिहिते: गाणं म्हणून हा सुवर्णकाळ, पण नाटक म्हणून इथेच घोळ झाला. नायिका प्रेमात पडते एका ओळीत आणि ती ओळ पुढे दहा मिनिटं फिरते. वरून वन्समोअर! पहिला, दुसरा, तिसरा. तोपर्यंत समोरच्या नायकाने उभं राहून करायचं काय? उपरणं सारखं करायचं.

आणखी एक गोष्ट झाली. ग्रामोफोन आला. पद तबकडीवर चढून नाटकाला मागे टाकून घरी गेलं. तिथून ते एकटंच जगायला लागलं, आणि लिहिणाऱ्यांनाही कळून चुकलं की पद सुटं निघालं तरी चालतंय, उलट जास्त चालतंय. गडकऱ्यांचं 'एकच प्याला' घ्या. गडकरी जानेवारी 1919 मध्ये गेले, नाटक त्यानंतर रंगभूमीवर आलं आणि त्यातली पदं लिहिली वि. सी. गुर्जरांनी. गद्य काळीज कापतं. पदं नंतर बसवली आहेत, हे मला तरी प्रत्येक वेळी जाणवतं.

आत्याला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुला गाणं कळत नाही, तुला फक्त घाई कळते." असेल बाई.

हा गुंता सोडवला तो पंडित जितेंद्र अभिषेकींनी. 1964 चं 'मत्स्यगंधा', 1966 चं 'ययाति आणि देवयानी', आणि मग 24 डिसेंबर 1967 ला 'कट्यार काळजात घुसली'. पदं आटोपशीर झाली, चाल पात्राच्या स्वभावातून यायला लागली. दारव्हेकरांच्या 'कट्यार'मध्ये तर गाणं हाच कथेचा प्रश्न आहे. दोन घराणी, एक मत्सर, आणि विद्या द्यायची की नाही यावरून पेटलेली लढाई. 'हा माणूस मध्येच का गातोय?' असं विचारायची सोयच उरत नाही, कारण तो गायला नाही तर नाटकच होणार नाही. वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब आपल्या पिढीने पाहिले नाहीत. आपल्याकडे 2015 चा सिनेमा आहे, आणि तो बघून निदान दहा मित्रांनी मला फोन करून विचारलं की मूळ नाटक कुठे बघायला मिळेल. 2025 च्या सुरुवातीला 'मानापमान'चाही सिनेमा आला. सिनेमातून उलटं नाटकाकडे येणारे लोक मला फार आवडतात.

पण संगीत नाटक म्हणजे फक्त राग, हे कोणी ठरवलं? कानेटकरांचं 'लेकुरे उदंड जाहली' (1966) आठवा. मूल नसलेलं जोडपं, विषय घरगुती आणि गाणी बोलल्यासारखी. पु. लं.नी 1978 मध्ये ब्रेख्तचं 'थ्रीपेनी ऑपेरा' उचलून 'तीन पैशाचा तमाशा' केलं. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, आणि त्यात नंदू भेंडे, जो त्याआधी अलेक पदमसींच्या 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार'मध्ये ज्यूडास गायला होता! मराठी रंगमंचावर रॉक. आपल्या आईबाबांची पिढी आपल्यापेक्षा जास्त कूल होती, हे मान्य करून टाकूया. गंमत म्हणजे याच पु. लं.नी 1975 मध्ये 'ती फुलराणी' केलं. मूळ शॉचं 'पिग्मॅलियन', ज्याचं तिकडे 1956 मध्ये 'माय फेअर लेडी' नावाचं तुफान म्युझिकल झालं होतं. गाण्याची एवढी जाण असलेल्या माणसाने तो मोह टाळला. भक्ती बर्वेंचं ते प्रसिद्ध स्वगत आहे ना, सूड उगवण्याचं, ते म्हणजे चाल नसलेलं गाणंच आहे. त्याला चाल लावली असती तर पोरीचा राग मऊ पडला असता.

आणि माझ्या बाजूचं, म्हणजे आमच्या पूर्व उपनगरांचं, तर या यादीत नावच घेत नाही कोणी. घाटकोपरच्या चिरागनगरात राहून अण्णाभाऊ साठेंनी तमाशाचं लोकनाट्य केलं. गण, बतावणी, छक्कड, सगळं तेच, फक्त राजाऐवजी गिरणी कामगार. ही म्युझिकल नाहीत तर काय आहेत? त्याच रक्ताचं अलीकडचं नाटक म्हणजे 2012 चं 'शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला'. राजकुमार तांगडेचं लेखन, नंदू माधवचं दिग्दर्शन, संभाजी भगतची शाहिरी. तिथे गाणं सुरू झालं की प्रेक्षक खुर्चीत पुढे सरकतो, कारण गाण्यातच वाद घातला जातोय.

2017 चं 'संगीत देवबाभळी' ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. प्राजक्त देशमुखचं नाटक, आनंद ओकचं संगीत, रंगमंचावर दोनच बायका, तुकोबांची आवली आणि रखुमाई. दोघींचे नवरे सतत गैरहजर! आणि गाणं त्या गैरहजेरीतून येतं. शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी समोर उभ्या राहून स्वतः गायच्या. माझ्या शेजारी बसलेला आयटीवाला मध्यंतरात काही न बोलता चष्मा पुसत होता.

हे सगळं मी एवढ्या तावातावाने का सांगतेय? कारण नवीन गाणी लिहिली जात नाहीयेत. जुन्यांचे प्रयोग होतात, होऊ देत. पण आज, आपल्या भाषेत, आपल्या आयुष्यावर रंगमंचासाठी गाणं लिहिणारे किती? हिशोब सोपा आहे. बीकेसीच्या त्या थिएटरात दोन हजार खुर्च्या आणि एकच सेट आठवडे उभा. आपलं नाटक सकाळी टेम्पोतून सेट उतरवतं, दुपारी प्रयोग, रात्री दुसऱ्या नाट्यगृहात परत तेच. तिकीट चार-पाचशे. त्यात पाच वादक बसवायचे, रोज, मानधन देऊन? निर्माता म्हणतो ट्रॅक वाजवा. ट्रॅक लावला की नट एका सेकंदानेही थांबू शकत नाही. प्रेक्षक हसला तरी नाही, घसा दाटला तरी नाही. माझं म्हणणं, पाच नको, दोन ठेवा. एक पेटी, एक ढोलकी. पण जिवंत ठेवा. पदाला श्वास घ्यायला जागा लागते.

सध्या मी आणि ऑफिसातली दोन पोरं एका एकांकिकेसाठी गाणी लिहितोय. विषय आमच्या माहुलचाच. तानसा पाइपलाइनच्या कडेची घरं पाडून 2017 पासून माणसं इथल्या सात मजली इमारतींत आणून ठेवली, बाजूला रिफायनऱ्या. 2019 मध्ये हायकोर्टाने सांगितलं की लोकांना इथे राहायची सक्ती करता येणार नाही. एका बाजूला हा सगळा प्रकार, दुसऱ्या बाजूला खाडीत थंडीत उतरणारे गुलाबी फ्लेमिंगो आणि ते बघायला कॅमेरे घेऊन येणारी तुमच्या-माझ्यासारखी माणसं. आमच्या नाटकात एक मावशी आहे. रोज रात्री वास यायला लागला की ती सगळ्या खिडक्या लावते आणि उकाड्यात बसून राहते. तिचं गाणं धृपदापर्यंत मस्त झालंय, ओवीच्या चालीवर, दळताना म्हणतात तसं. अडलंय ते अंतऱ्याला. अंतऱ्यात माणसाचं मन बदलायला हवं, आणि मावशीचं मन काही केल्या बदलत नाही. ढोलकीवाला म्हणतो, तिला खिडकी उघडायला लाव. मी म्हणते, उघडून ती बघणार काय? मंगळवारी पुन्हा बसतोय, चेंबूरला, ऑफिस सुटल्यावर.