औषधाने माणूस आजारी का पडतो?

"औषध घेतल्यावर माणसास बरे वाटावयास हवे, मग केमो घेणारा माणूस दिवसेंदिवस अधिकच का खंगत जातो?" असा प्रश्न नववीतील एका विद्यार्थिनीने गेल्या वर्षी आम्हांस विचारला. तिच्या शेजारच्या घरी हे उपचार चालू होते. आम्ही भाषेचे शिक्षक. पेशी आणि रसायने हा आमचा प्रांत नव्हे. परंतु त्याच सुमारास आमच्या थोरल्या मामांस मोठ्या आतड्याचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले होते, आणि सहा महिने त्यांच्या उपचारांच्या निमित्ताने डॉक्टरांस विचारता विचारता व वाचता वाचता जे काही आम्हांस कळले, ते विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवावे, म्हणून हा लेख.

मोठ्या आतड्याच्या आतील अस्तरात ही व्याधी सुरू होते. शस्त्रक्रियेने आतड्याचा रोगट भाग काढून टाकतात व उरलेली टोके सांधतात. मामांची शस्त्रक्रिया उत्तम झाली. परंतु आतड्याजवळच्या लसीकाग्रंथींपर्यंत रोग पोहोचला होता. अशा वेळी काही थोड्या रोगट पेशी शरीरात अन्यत्र जाऊन बसल्या असण्याचा संभव असतो. त्या इतक्या सूक्ष्म, की कोणत्याही यंत्रास दिसत नाहीत. शस्त्रवैद्याची सुरी तेथे पोहोचणार कशी? म्हणून रक्ताबरोबर सर्वांगात फिरणारे औषध द्यावे लागते. गाठ काढून टाकल्यावर पुन्हा औषध कशासाठी, असे आमच्या मामी वारंवार विचारीत, त्याचे उत्तर हे आहे.

या औषधांपैकी मुख्य औषध म्हणजे फ्लुओरोयुरॅसिल. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील चार्ल्स हायडेलबर्गर व त्यांचे सहकारी यांनी ते १९५७ साली पुढे आणले. युरॅसिल हा पेशीला नित्य लागणारा एक पदार्थ. त्यातील हायड्रोजनच्या एका अणूच्या जागी फ्लुओरिनचा अणू बसविला की हे औषध होते. खोटी किल्ली कुलपात शिरावी, पण फिरू नये व बाहेरही निघू नये, तसा हा प्रकार आहे. एका पेशीच्या दोन होण्यासाठी जो नवा जनुकीय मजकूर लिहावा लागतो, त्याची शाईच या खोट्या किल्लीमुळे तयार होत नाही. ल्यूकोव्होरिन नावाचे दुसरे औषध ही किल्ली कुलपात अधिक घट्ट अडकवून ठेवते. म्हणून ही दोन्ही बहुधा बरोबरच देतात.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळू. या औषधास शत्रू-मित्र ओळखता येत नाही. त्याला एवढेच कळते की, ही पेशी विभागत आहे. आणि आपल्या निरोगी शरीरातही कित्येक पेशी रात्रंदिवस विभागत असतात! आतड्याचे अस्तर तीन ते पाच दिवसांत नवे होते. तोंडाचे अस्तर, केसांची मुळे आणि हाडांतील मज्जा, जेथे रक्तपेशी जन्मास येतात, यांचेही तसेच. म्हणून तोंड येते, जुलाब होतात, केस विरळ होतात, रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात. रोग वाढल्यामुळे हे होते असे नाही. मात्र निरोगी पेशी या धक्क्यातून लवकर सावरतात, रोगट पेशींना तसे सावरता येत नाही. या फरकावरच सारे उपचार उभे आहेत. दोन आवर्तनांमध्ये मोकळे दिवस ठेवतात ते याचसाठी. मामांस दर चौदा दिवसांनी एक, अशी बारा आवर्तने ठरली होती.

आवर्तन म्हणजे पंधरा दिवस रुग्णालयात पडून राहणे, अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात मामा सकाळी जात व सायंकाळी घरी येत. मात्र येताना औषध बरोबर घेऊन येत. गळपट्टीच्या हाडाखाली त्वचेच्या आत एक लहानशी डबी बसविलेली असते. तिला पोर्ट म्हणतात. तिला जोडलेल्या नळीचे दुसरे टोक एका बाटलीत, आणि बाटलीत फुगा. तो फुगा हळूहळू आकसत जातो व शेचाळीस तास थेंब थेंब औषध शरीरात सोडीत राहतो. वीज नको की परिचारिका नको. मामा ती बाटली कमरेच्या पिशवीत घालून ओटीवर बसत व वर्तमानपत्र वाचीत. शेजारची मुले प्रथम बिचकली, मग फुगा किती उरला हे पाहण्यास रोज येऊ लागली. कर्करोग स्पर्शाने लागत नाही, हे त्यांच्या पालकांसही त्यामुळेच पटले, असे आम्हांस वाटते.

ऑक्झॅलिप्लाटिन हे तिसरे औषध. त्याचा गुण विचित्र. ते घेतल्यावर काही दिवस थंड वस्तू सोसत नाही. थंड पाण्याचा घोट घेतला की घशात काचा टोचल्यासारखे होते व श्वास अडकल्याचा भास होतो. स्टीलच्या गार तांब्याला हात लावला की बोटांतून मुंग्यांचा लोंढा जातो. घरात तेवढे दिवस फ्रिज उघडण्याचे काम इतरांनी करावयाचे, पिण्याचे पाणी कोमट ठेवावयाचे, असा नियमच झाला.

या सगळ्यापेक्षा गंभीर गोष्ट म्हणजे ताप. आवर्तनानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. एरवी जो जंतू आपण सहज परतवून लावतो, तोच तेव्हा प्राणावर बेतू शकतो. ताप १००.४ अंश फॅरनहाइट झाला की मध्यरात्र असली तरी रुग्णालय गाठावयाचे. घरी तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहावयाची नाही. रुग्णापासून आपणांस भय नाही, आपल्यापासून रुग्णास आहे. सर्दी झालेल्या मुलाने अशा घरी भेटीस जाऊ नये, पत्र लिहावे.

अन्नाविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. ताजे व नीट शिजलेले असावे, बाहेरची कापलेली फळे नसावीत. आमच्या घरी पेजेने सर्वांत अधिक साथ दिली.

औषधे सुचविणारे मात्र उदंड भेटले. एका गृहस्थांनी सह्याद्रीतील नरक्या नावाच्या झाडाची साल आणून देण्याची तयारी दाखविली. यात तथ्याचा अंश आहे, म्हणूनच धोका अधिक. नरक्यात कॅम्पटोथेसिन नावाचे द्रव्य असते. ते प्रथम एका चिनी वृक्षातून मन्रो वॉल व मनसुख वाणी यांनी १९६६ साली वेगळे केले. हे वाणी म्हणजे नंदुरबारला जन्मलेले व मुंबई विद्यापीठात शिकलेले आपलेच रसायनशास्त्रज्ञ. त्या द्रव्यावर संस्कार करून आयरिनोटेकन हे औषध सिद्ध झाले. पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगात ते दिले जाते, आणि त्याने होणारे जुलाब डॉक्टरांच्या देखरेखीखालीही जड जातात. मूळ द्रव्य तर त्याहून विषारी. साल उकळून प्यावयाची म्हणजे मात्रा न मोजता विष प्यावयाचे! बिचाऱ्या नरक्याचीही यापायी सह्याद्रीत बेसुमार तोड झाली आहे.

सातव्या आवर्तनानंतर आमच्या लक्षात आले की मामा सदऱ्याच्या गुंड्या मामींकडून लावून घेतात. मामा देवळातील भजनात पेटी वाजवितात. त्या सप्ताहास ते गेले नाहीत. खोदून विचारता कळले की, बोटांची टोके बधिर होऊन महिना लोटला होता. थंडीने येणाऱ्या मुंग्या चार दिवसांत जातात. ही बधिरता मात्र प्रत्येक आवर्तनागणिक साठत जाते व कधी कधी कायमची राहते. सांगितले तर उपचार थांबतील, या भीतीने ते बोलले नव्हते. डॉक्टर रागावले नाहीत. ऑक्झॅलिप्लाटिन तेवढे बंद करून उरलेली आवर्तने त्यांनी इतर दोन औषधांवर पूर्ण केली. मज्जातंतूंची इजा रक्ततपासणीत दिसत नाही. रुग्णाने सांगितली तरच कळते. मामा आता पेटी वाजवितात, द्रुत लयीत मात्र बोटे चुकतात.

आणखी एक गोष्ट त्यांनी बोलावयास उशीर केला होता. शौचावाटे रक्त जाते ही मूळव्याधच, असे समजून त्यांनी आठ महिने घरगुती उपाय केले. वयाच्या बावन्नाव्या वर्षी निदान झाले. ज्यांच्या आईवडिलांस, भावंडांस वा अपत्यास हा रोग झाला आहे, त्यांनी चाळिसाव्या वर्षापासून, अथवा आप्ताच्या निदानाच्या वयाहून दहा वर्षे आधी, यांपैकी जे अगोदर येईल तेव्हा दुर्बिणीने आतड्याची तपासणी करून घ्यावी, असे वैद्यक सांगते. मामांच्या भगिनी म्हणजे आमच्या मातोश्री. पुष्कळ मनधरणी करून गेल्या महिन्यात त्यांस तपासणीस नेले. डॉक्टर ज्याला पॉलिप म्हणतात तसा एक लहान कोंब आतड्यात आढळला. पुढे कर्करोग होतो तो बहुधा अशाच कोंबापासून. तो त्याच वेळी दुर्बिणीतून काढण्यात आला, आणि मातोश्री सायंकाळी घरी येऊन पेज जेवल्या.