वीज गेली की पाणी कुठे जातं?

सोसायटीत सकाळी एक ओळखीचा आवाज येतो. गच्चीवरची टाकी भरून वाहू लागते, पाणी पायपातून धबाधबा खाली येतं आणि कुणीतरी वॉचमनला ओरडतं, "पंप बंद कर!" घरातल्या फिश टँकला संप जोडायचा म्हणजे हाच प्रकार चोवीस तास, मुद्दाम आणि आवाज न होऊ देता घडवायचा. वरची टाकी काठावरून वाहते, ते पाणी खालच्या टाकीत गाळलं जातं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. (मराठीत संप म्हटलं की आधी गिरणी कामगार आठवतात. हा संप मात्र बंद पडून चालत नाही.)

एवढा खटाटोप कशासाठी? एकूण पाणी वाढतं, हीटर आणि फिल्टर स्टँडच्या कपाटात दडतात, पृष्ठभागावरची तेलकट साय आपोआप वाहून जाते. वरची पातळीही कधी उतरत नाही. बाष्पीभवनाची सगळी घट खाली पंपाच्या कप्प्यात दिसते. तिथे पाणी घालायचं विसरलात तर पंप कोरडा फिरतो.

समजा, वरची टाकी आतून १२० बाय ४५ सेंटिमीटर आणि ४५ उंच आहे. काठोकाठ भरली तर २४३ लिटर, म्हणजे तेवढेच किलो. काच, स्टँड आणि संप वेगळे. तेव्हा जागा भिंतीलगत, शक्यतो बीमजवळ.

टाकीच्या एका कोपऱ्यात काचेचा उभा कप्पा चिकटवतात, वरच्या काठाला दाते ठेवून. दात्यांवरून पाणी आत पडतं आणि कप्प्याच्या तळाच्या दोन भोकांतून खाली जातं. भोकं डायमंड होल-सॉने, सतत पाणी सोडत पाडायची. काच टफन्ड असेल तर ड्रिल लावूच नका, तिचा चुरा होतो. भोकात टँक निपल बसवताना रबरी वॉशर निपलच्या कडेखाली हवा. नटाच्या बाजूला घातला तर आवळताना मुरगळतो आणि थेंब थेंब गळती सुरू होते.

भोकं दोन का, हे विचारण्यासारखं आहे. एकाच पायपातून हवा आणि पाणी मिसळून उतरलं की घोरल्यासारखा आवाज येतो. दिवाणखान्यात दोन दिवस गंमत वाटते, तिसऱ्या दिवशी घरचे टाकी काढायला सांगतात. म्हणून पहिला पाइप पूर्ण पाण्याने भरलेला ठेवायचा आणि त्याच्या खालच्या टोकाजवळ गेट व्हॉल्व्ह लावून प्रवाह जुळवायचा. बॉल व्हॉल्व्ह पाव फेऱ्यात उघडतो, त्याने बारीक जुळवणी होत नाही. दुसऱ्या पायपाचं तोंड वर ठेवायचं. त्यातून एखादी धार गेली तर गेली. पहिला पाइप गोगलगायीने किंवा पानाने तुंबला की दुसरा कामी येतो, म्हणून त्यावर व्हॉल्व्ह कधीच नको.

खाली संपात पहिल्या कप्प्यात स्पंज, मधल्यात सिरॅमिक रिंगा, शेवटच्यात पंप. खोक्यावर लिहिलेले ताशी लिटर पाणी वर न चढवता मोजलेले असतात. मीटरभर चढवलं की ते बरेच कमी होतात.

आता वीज जाते. पंप थांबतो. दात्यांखालचं पाणी कप्प्यात पडणार नाही, पण वर जाणारा पाइप उलटा वाहू लागतो. त्याचं तोंड पाण्यात जेवढं बुडलेलं, तेवढं पाणी तो खाली ओढतो. आपल्या टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे ५.४ लिटर. तोंड दहा सेंटिमीटर खोल असेल तर ५४ लिटर खाली आले. संप ७५ बाय ३५, उंची ४०. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे साधारण २.६ लिटर. चालू असताना पातळी २२ वर असेल तर उरलेल्या १८ सेंटिमीटरमध्ये मावतात सत्तेचाळीस लिटर. बाकीचे फरशीवर, आणि कप्प्यातलं नि पायपांतलं पाणी त्यात धरलेलंच नाही. तेच तोंड दोन सेंटिमीटर बुडवलं तर जेमतेम ११ लिटर उतरतात.

काहीजण त्याऐवजी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावतात. माझा त्यावर भरवसा नाही. शेवाळाचा एक धागा अडकला की तो नीट मिटत नाही. पाण्याच्या पातळीच्या अगदी खाली पायपाला एक बारीक छिद्र पाडा. पातळी तिथे आली की हवा आत शिरते आणि ओढ तुटते. छिद्र मात्र महिन्यातून एकदा टाचणीने साफ करायचं.

उलटा हिशोबही करून ठेवा. दोन्ही पाइप तुंबले आणि पंप चालूच राहिला, तर पंपाच्या कप्प्यातलं सगळं पाणी वर जाईल. कप्पा २५ बाय ३५ आणि त्यात पाणी २० सेंटिमीटर, म्हणजे १७.५ लिटर. वर चार सेंटिमीटर जागा मोकळी असेल तर तिच्यात एकवीस लिटर मावतात.

जोडणी आधी सोल्यूशन न लावता करून बघा, सगळं सरळ बसलं की मग चिकटवा आणि दिवसभर सुकू द्या. पंपाच्या पायपांना युनियन लावा, नाहीतर पंप धुवायला करवत लागेल. वायर सॉकेटच्या खाली झोळीसारखी लोंबू द्या. ओघळलेला थेंब तिथेच गळून पडतो.

मग नुसतं पाणी भरून, घरात असताना, दिवसाउजेडी पंपाचा प्लग काढा. पाणी उतरायचं थांबलं की संपाच्या काठापासून किती जागा उरली ते बघा. प्लग पुन्हा लावा आणि पातळी स्थिरावल्यावर पंपाच्या कप्प्यावर मार्करने रेघ मारा. रोजचं पाणी त्या रेघेपर्यंतच घालायचं. मासे आणायला अजून चार-सहा आठवडे आहेत. अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू रिंगांवर सावकाश रुजतात. तेवढ्यात दोन-तीनदा वीज जाईलच, तेव्हा टॉर्च घेऊन कपाट उघडून बघा.